टॉल्कीन वाचणारे आणि टॉल्कीन अभ्यासणारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीची गोष्ट संपते तिथे पुस्तक संपत नाही. पुढे शंभरेक पानांची परिशिष्टं लागतात. राजांच्या वंशावळी, सालावळी, पंचांगं, लिप्या, भाषांवरची टिपणं. काही वाचक तिथे पुस्तक मिटतात आणि काही नेमके तिथेच अडकतात. खालचे प्रश्न या अडकलेल्यांचे आहेत, आणि मीही त्यांच्यातलाच एक आहे. उत्तरात जिथे माझं मत आलं आहे तिथे ते मत म्हणूनच घ्यावं.

आधी साधं सांगा, नावाचा उच्चार कसा करायचा?

टॉल्कीन. आघात पहिल्या अक्षरावर, आणि ‘की’ दीर्घ. पूर्ण नाव जॉन रोनाल्ड रूएल टॉल्कीन. जन्म ३ जानेवारी १८९२, दक्षिण आफ्रिकेतलं ब्लूमफाँटेन. मृत्यू २ सप्टेंबर १९७३, इंग्लंडमधलं बोर्नमथ. ते ऑक्सफर्डला १९२५ ते १९४५ अँग्लो-सॅक्सनचे आणि पुढे १९५९ पर्यंत इंग्रजी भाषा-साहित्याचे प्राध्यापक होते. चाहते त्यांना नुसतं ‘प्रोफेसर’ म्हणतात.

एका कादंबरीकाराचा एवढा अभ्यास करण्यासारखं काय आहे?

दोन गोष्टी. एक म्हणजे ते भाषाशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या गोष्टी शब्दांतून उगवल्या. दुसरी गोष्ट अशी की आयुष्यभर त्यांनी जे लिहिलं त्यातला थोडाच भाग त्यांच्या हयातीत छापला गेला. बाकीचं कागदांच्या ढिगात राहिलं. एकाच कथेची चार-चार रूपं, पेन्सिलीवर शाईने गिरवलेलं, परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेलं. ज्ञानेश्वरीच्या किंवा महाभारताच्या पाठभेदांवर माणसं आयुष्य घालवतात हे आपल्याला नवं नाही. विसाव्या शतकातल्या एका लेखकाच्या बाबतीत तसंच काम उभं राहिलं, एवढंच.

शब्दांतून गोष्ट उगवते म्हणजे काय, त्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सांगतो. प्राचीन इंग्रजी कवितेत ‘ओर्थांक एन्टा येवेओर्क’ अशी शब्दावली येते. राक्षसांनी, म्हणजे ‘एन्टां’नी, कौशल्याने केलेलं बांधकाम असा तिचा अर्थ. रोमन लोक निघून गेल्यावर मागे उरलेल्या दगडी अवशेषांकडे पाहून अँग्लो-सॅक्सन कवी अशा तऱ्हेने बोलत. हे एन्ट कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. टॉल्कीन यांनी त्या शब्दांपासून चालणारी, बोलणारी झाडं घडवली, कथेतल्या दुष्ट जादूगाराच्या, सारुमानच्या, मनोऱ्याला ‘ऑर्थँक’ नाव दिलं, आणि गोष्टीत एन्टांनाच त्या मनोऱ्यावर चालून पाठवलं. सामान्य वाचकाला यातलं काही कळलं नाही तरी गोष्ट रंगतेच. पण ज्याला कळतं त्याच्यासाठी त्या मनोऱ्याखाली हजार वर्षांचा पाया दिसायला लागतो.

कथेतल्या रोहन या राज्याच्या घोडेस्वारांचंही असंच आहे. तिथल्या राजाचं नाव ‘थेओडेन’, आणि हा शब्दच प्राचीन इंग्रजीत राजा किंवा स्वामी या अर्थाचा. ‘एओमेर’मधला ‘एओ’ म्हणजे घोडा. बुटक्यांची नावं, आणि चक्क ‘गँडाल्फ’ या जादूगाराचंसुद्धा, जुन्या नॉर्स काव्यातल्या एका नामावळीतून आलेली.

चाहते आणि अभ्यासक हे दोन वेगळे गट आहेत ना? एकीकडे वेशभूषा करून नाचणारे, दुसरीकडे पीएच.डी.वाले?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि यातलं गृहीतकच चुकीचं आहे. टॉल्कीन यांच्या बाबतीत अभ्यासाचा पाया चाहत्यांनी घातला, विद्यापीठं मागाहून आली.

रॉबर्ट फॉस्टर यांचा नामकोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. तो आधी १९६० च्या दशकात ‘निएकास’ नावाच्या चाहत्यांच्या हौशी नियतकालिकात तुकड्या-तुकड्याने येत होता, आणि १९७१ मध्ये त्याचं पुस्तक झालं. १९८१ चा, मध्यभूमीचा म्हणजे कथा घडते त्या जगाचा, अ‍ॅटलास कॅरन विन फॉनस्टॅड यांचा. त्या नकाशाशास्त्र शिकलेल्या होत्या आणि पुस्तकाच्या प्रेमात पडलेल्या होत्या. प्रत्येक दिवशी कोण किती मैल चालला, कुठल्या रात्री चंद्र कसा होता, याचा त्यांनी पानापानातून हिशेब लावला. ‘पार्मा एल्डालाम्बेरॉन’ हे एल्फभाषांना (एल्फ म्हणजे कथांतले अमर लोक) वाहिलेलं नियतकालिक १९७१ पासूनचं आणि चाहत्यांनीच काढलेलं. पुढे टॉल्कीन यांची भाषाविषयक हस्तलिखितं याच नियतकालिकातून प्रसिद्ध होऊ लागली. २०२१ मध्ये ‘द नेचर ऑफ मिडल-अर्थ’ संपादित करणारे कार्ल हॉस्टेटर पेशाने नासामधले संगणकतज्ज्ञ.

असं का झालं असावं? मला वाटतं, याला पुस्तकाचा घाटच कारणीभूत आहे. आपण गोष्ट रचली असं टॉल्कीन म्हणतच नाहीत. हाती लागलेल्या एका जुन्या ग्रंथाचा मी फक्त अनुवाद केला, अशी त्यांची बतावणी आहे. पोथीसारखं पुस्तक हातात पडलं की वाचक आपोआप पोथीच्या अभ्यासकासारखा वागायला लागतो. तारखा जुळवतो, नावं ताडून पाहतो, विसंगतीवर बोट ठेवतो.

ही चाहत्यांची लाट सुरू कधी झाली?

‘द हॉबिट’, म्हणजे माणसाहून निम्म्या उंचीच्या हॉबिट लोकांतल्या बिल्बोची गोष्ट, हे पुस्तक २१ सप्टेंबर १९३७ ला आलं. पहिली आवृत्ती १५०० प्रतींची. प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं होतं आणि त्याच्या अभिप्रायाचा एक शिलिंग मोबदला दिला होता. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड १९५४-५५ मध्ये आले; त्यांचा नायक बिल्बोचा नातलग फ्रोडो. वाचक होते, पत्रं येत होती, पण लाट नव्हती.

लाट आली १९६५ मध्ये, तीही एका भांडणातून. एस बुक्स या अमेरिकन प्रकाशनाने कॉपीराइट कायद्यातल्या पळवाटेचा फायदा घेऊन लेखकाला न विचारता स्वस्त पेपरबॅक काढले, खंडाला ७५ सेंट. लेखकाला मानधन नाही. टॉल्कीन यांनी अमेरिकन वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना ही गोष्ट लिहायला सुरुवात केली, आणि वाचक खवळले. त्याच वर्षी बॅलन्टाइनने अधिकृत आवृत्ती आणली, ९५ सेंटांची, आणि तिच्या मलपृष्ठावर टॉल्कीन यांचं निवेदन: हयात लेखकाशी सौजन्याने वागायचं असेल तर हीच प्रत घ्या. शेवटी एसला मानधन द्यावं लागलं आणि आवृत्ती बंद करावी लागली. या गदारोळात पुस्तक विद्यापीठांच्या आवारांत पोहोचलं. ‘फ्रोडो जिवंत आहे’, ‘गँडाल्फला राष्ट्राध्यक्ष करा’ अशा मजकुराचे बिल्ले मुलांच्या कोटांवर दिसू लागले. रिचर्ड प्लॉट्झ या विद्यार्थ्याने १९६५ मध्येच न्यूयॉर्कला अमेरिकेतली टॉल्कीन सोसायटी सुरू केली. १९६७ मध्ये ग्लेन गुडनाइट यांनी कॅलिफोर्नियात मिथोपोइक सोसायटी स्थापन केली. प्लॉट्झची संस्था १९७२ मध्ये तिच्यात विलीन झाली. तिचं ‘मिथलोर’ १९६९ पासून निघतंय आणि आज ते रीतसर समीक्षित नियतकालिक आहे.

खुद्द टॉल्कीन यांना हे सगळं आवडायचं?

अर्धं आवडायचं, अर्ध्याचा त्रास व्हायचा. मनापासून लिहिलेल्या पत्राला ते लांबलचक उत्तर देत. कित्येक उत्तरं म्हणजे छोटे निबंधच आहेत, आणि १९८१ मध्ये छापून आलेला पत्रसंग्रह (२०२३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली) अभ्यासकांचं मुख्य साधन होऊन बसला आहे. म्हणजे चाहत्यांनी प्रश्न विचारले नसते तर अभ्यासकांना उत्तरं मिळाली नसती.

पण अमेरिकेतले चाहते वेळेतला फरक विसरून मध्यरात्रीनंतर फोन करत. लोक दारात येऊन उभे राहत. शेवटी १९६८ मध्ये टॉल्कीन पती-पत्नी बोर्नमथजवळ राहायला गेले आणि पत्ता गुप्त ठेवला गेला. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर माणसाला आपलं राहतं गाव सोडायला लागावं, हे वाचून मला चाहता म्हणून वाईट वाटतं.

इंग्लंडमधली टॉल्कीन सोसायटी नेमकं काय करते?

१९६९ मध्ये व्हेरा चॅपमन या सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी ती सुरू केली. संस्थेत त्यांनी ‘बेलाडोना टूक’ हे नाव घेतलं होतं, बिल्बोच्या आईचं. टॉल्कीन मानद अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या निधनानंतरही अध्यक्ष तेच आहेत, कायमचे.

संस्थेची ‘मॅलॉर्न’ आणि ‘आमोन हेन’ अशी दोन नियतकालिकं आहेत. पहिलं अभ्यासलेखांचं, दुसरं सभासदांच्या घडामोडींचं. दरवर्षी ऑक्सफर्डला ‘ऑक्सनमूट’ हा मेळावा भरतो, १९७४ पासून. २२ सप्टेंबर हा बिल्बो आणि फ्रोडोचा वाढदिवस, पूर्वी त्याच्या आसपासचा शनिवार-रविवार साधला जात असे. दिवसा निबंधवाचन, रात्री गाणी आणि वेशभूषा, आणि रविवारी सकाळी सगळे वुल्व्हरकोट दफनभूमीत जातात. तिथे टॉल्कीन आणि पत्नी एडिथ एकाच थडग्यात आहेत. दगडावर त्यांच्या नावांखाली ‘बेरेन’ आणि ‘लूथिएन’ कोरलं आहे. मर्त्य माणसासाठी अमरत्व सोडणारी एल्फकन्या लूथिएन त्यांनी एडिथवरून रचली होती. आदल्या दिवशी तळटिपांवरून तावातावाने भांडलेली माणसं तिथे गप्प उभी असतात. चाहता कुठे संपतो आणि अभ्यासक कुठे सुरू होतो, हे तिथे उभं राहून कोणी सांगून दाखवावं.

आणखी दोन दिवस लक्षात ठेवण्यासारखे. ३ जानेवारीला रात्री नऊ वाजता, जो तो आपापल्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे, पेला उंचावून ‘प्रोफेसर’ एवढंच म्हणतो. पेल्यात चहा चालतो. आणि २५ मार्च हा वाचनदिन, २००३ पासून. कथेत मुख्य खलनायकाचा, सॉरॉनचा, पाडाव त्या तारखेला होतो.

विद्यापीठांनी याला इतकी वर्षं नाकं का मुरडली?

१९५६ च्या एप्रिलमध्ये एडमंड विल्सन या मोठ्या अमेरिकन समीक्षकाने ‘द नेशन’मध्ये पुस्तकाला पोरकट कचरा ठरवलं, आणि तो सूर बरीच वर्षं टिकला. डब्ल्यू. एच. ऑडनसारखा कवी बाजूने उभा होता, पण एकटादुकटा. परीकथा म्हणजे मुलांसाठी आणि आधुनिक कादंबरी म्हणजे मनाचे कोपरे, अशी वाटणी ठरून गेली होती.

शिवाय इंग्रजी विभागांत ‘भाषा’ आणि ‘साहित्य’ या दोन बाजूंचं जुनं वैर होतं. टॉल्कीन उघडपणे भाषेच्या बाजूचे. साहित्यवाल्यांकडे ही पुस्तकं वाचायची हत्यारंच नव्हती. ती टॉम शिपी यांच्याकडे होती. ते टॉल्कीन यांच्याच बर्मिंगहॅमच्या शाळेत शिकले, लीड्स विद्यापीठात टॉल्कीन यांनीच पूर्वी आखून दिलेल्या वळणाचा अभ्यासक्रम त्यांनी शिकवला. त्यांचं १९८२ चं ‘द रोड टू मिडल-अर्थ’ हे पुस्तक माझ्या मते अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे. पुढच्याच वर्षी व्हर्लिन फ्लिगर यांचं ‘स्प्लिंटर्ड लाइट’ आलं. प्रकाश फुटत जातो तशी भाषाही फुटत जाते, हा धागा त्यांनी ‘सिल्मरिलियन’ या टॉल्कीन यांच्या पुराणकथांच्या पुस्तकातून काढून दाखवला. जॉन गार्थ यांनी २००३ मध्ये पहिल्या महायुद्धाकडे लक्ष वळवलं: सॉमच्या लढाईतला तरुण सेकंड लेफ्टनंट, जवळच्या तीन शाळूसोबत्यांपैकी दोघे युद्धात गेलेले. २००४ पासून ‘टॉल्कीन स्टडीज’ हे वार्षिक निघतं.

दरम्यान वाचकांनी आपला कौल दिला होता. १९९७ च्या वॉटरस्टोन्स या पुस्तकदुकानांच्या आणि २००३ च्या बीबीसीच्या, दोन्ही मतदानांत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पहिलं आलं.

ख्रिस्तोफर टॉल्कीन यांच्याबद्दल एवढ्या आदराने का बोलतात? मुलगाच होता ना?

मुलगा होता, लहानपणी पहिला श्रोता होता, युद्धकाळात वडील त्याला प्रकरणं टपालाने पाठवत होते, आणि छापील नकाशे त्यानेच काढले. पण आदराचं कारण पुढचं. १९७५ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची नोकरी सोडली आणि उरलेलं आयुष्य वडिलांच्या कागदांना दिलं. १६ जानेवारी २०२० ला, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.

१९७७ मध्ये त्यांनी ‘सिल्मरिलियन’ काढलं. मदतीला गाय गॅव्हरिएल के नावाचा कॅनेडियन विद्यार्थी होता, पुढे स्वतः नावाजलेला कादंबरीकार झाला. वडिलांचं हस्तलिखित अर्धवट आणि परस्परविसंगत होतं. ख्रिस्तोफर यांनी निवड करून, जोडून, क्वचित स्वतः लिहून एकसंध पुस्तक केलं. डोरिआथ या एल्फराज्याच्या विनाशाचं प्रकरण तर बरंचसं संपादकांनीच रचलेलं.

मग त्यांनी जे केलं ते फार थोडे संपादक करतील. १९८३ ते १९९६ या काळात बारा खंडांमध्ये त्यांनी मूळ कागद जसेच्या तसे, टिपांसह, वाचकांपुढे मांडले, आणि तसं करताना आपल्याच १९७७ च्या पुस्तकातल्या चुका एकेक करून दाखवल्या. इथे मी चौकट घालायला हवी होती, इथे माझा अंदाज चुकला, डोरिआथच्या बाबतीत मी मर्यादा ओलांडली. स्वतःचं सगळ्यात गाजलेलं काम असं उलगडून वाचकाच्या हाती देणं, याला काय म्हणावं? मी त्या टिपा वाचतो तेव्हा मला गोष्टीइतकंच त्या माणसाबद्दल वाटतं.

या खंडांमुळेच आपल्याला कळतं की फ्रोडोचा वाटाड्या ‘स्ट्रायडर’ आधी माणूस नव्हता, लाकडी बूट घालणारा ‘ट्रॉटर’ नावाचा हॉबिट होता, आणि फ्रोडोचं नाव ‘बिंगो’ होतं. स्ट्रायडर खरा कोण, हे लेखकालाही बऱ्याच उशिरा कळलं.

मग ‘खरं’ काय धरायचं? दोन पुस्तकांत वेगळं लिहिलं असेल तर?

चाहत्यांमधले निम्मे वाद इथेच सुरू होतात. गॅलाड्रिएल या एल्फराणीचा पूर्वेतिहास टॉल्कीन शेवटपर्यंत बदलत राहिले. ऑर्क, म्हणजे शत्रूचे राक्षसी सैनिक, कशापासून झाले यावर त्यांचं मत कधी स्थिरावलंच नाही. गिल-गॅलाड या एल्फराजाचे वडील म्हणून ‘सिल्मरिलियन’मध्ये जे नाव छापलं गेलं ते चुकून, हे ख्रिस्तोफर यांनीच नंतर सांगितलं.

माझा सल्ला असा: ‘खरं’ शोधू नका, ‘कधीचं’ ते विचारा. कुठल्या सालच्या टिपणात काय आहे एवढं सांगितलं की वाद निम्मा होतो.

याचा सगळ्यात सुंदर नमुना ‘हॉबिट’मध्येच आहे. १९३७ च्या आवृत्तीत गुहेत राहणारा गॉलम बिल्बोशी लागलेल्या कोड्यांच्या पैजेत आपली जादूची अंगठी बक्षीस म्हणून स्वखुशीने द्यायला तयार असतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना ते जमेना, कारण आता ती सॉरॉनची, मोहात पाडणारी अंगठी झाली होती, आणि ती कोणी सुखासुखी देऊच शकत नाही. टॉल्कीन यांनी प्रकरण नव्याने लिहिलं, ते १९५१ च्या आवृत्तीत आलं. जुन्या पाठाचं काय? ती बिल्बोने सांगितलेली थाप होती, अंगठीने त्याला खोटं बोलायला लावलं, असं त्यांनी नव्या पुस्तकात घालून टाकलं. पाठभेदाचीच त्यांनी कथा केली.

बॅलरॉगला, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या अग्निराक्षसाला, पंख असतात की नाही?

मोरियाच्या प्रकरणात आधी त्याच्या भोवतीची सावली दोन विशाल पंखांसारखी पसरते, आणि थोड्याच ओळींनी त्याचे पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेले असतात. पहिली उपमा आहे म्हणून दुसरंही सावलीबद्दलच, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, लिहिलंय ते लिहिलंय. मी सावलीच्या बाजूचा.

आणि टॉम बॉम्बाडिल कोण?

मुळात टॉल्कीन यांच्या मुलाची बाहुली, मग १९३४ मध्ये ‘ऑक्सफर्ड मॅगझिन’मधली कविता, मग कादंबरीतलं पात्र. पौराणिक युगातही काही कोडी राहायला हवीत आणि हे मुद्दाम ठेवलेलं एक कोडं आहे, असं त्यांनी १९५४ च्या पत्रात लिहिलं. मला ते उत्तर पुरतं.

अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, असं वाचलं. बरोबर आहे का?

नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी रूपककथा आपल्याला आवडत नाही असं स्वच्छ सांगितलं आहे. वाचकाने आपल्या अनुभवाला लावून पाहावं, लेखकाने त्याच्यावर लादू नये, हे त्यांचं म्हणणं.

एल्फांची भाषा खरंच शिकता येते?

वाचता येते, अभ्यासता येते. अस्खलित बोलता येते असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. मुख्य एल्फभाषा दोन, क्वेन्या आणि सिंडारिन. क्वेन्यावर फिनिश भाषेची छाया आहे, सिंडारिनवर वेल्शची. दोघींचं व्याकरण टॉल्कीन पन्नासहून अधिक वर्षं बदलत राहिले. एका मूळ भाषेपासून ध्वनिनियमांनी दोन भाषा कशा फुटल्या हे रचण्यात त्यांना रस होता, संभाषण शिकवण्यात नाही. म्हणून सिनेमांत ऐकू येतात ती वाक्यं आणि गोंदवून घेतले जातात ते मजकूर बहुतेक ‘नव-एल्फी’ असतात, उपलब्ध शब्दांवरून इतरांनी बेतलेले. त्यात वावगं काही नाही, फक्त फरक माहीत असावा.

मराठी वाचकाला मात्र एक गोष्ट इतर अनेकांपेक्षा लवकर उमगते, ती म्हणजे टॉल्कीन यांनी एल्फभाषांसाठी रचलेली तेंग्वार लिपी. तिच्या तक्त्यात उभ्या ओळी उच्चारस्थानाप्रमाणे आणि आडव्या ओळी उच्चारपद्धतीप्रमाणे लावलेल्या आहेत. क-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग पाठ केलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. स्वर चिन्हांनी अक्षरावर चढवायचे, आपल्या मात्रांसारखेच. आणि ज्या अक्षरांचा दांडा वर आणि खाली दोन्हीकडे वाढवलेला असतो, ती महाप्राण व्यंजनांसाठी वापरली जात असं परिशिष्टातच लिहिलं आहे. म्हणजे ख, थ, फ यांची सोय झालीच. तेंग्वारमध्ये मराठी लिहून पाहा, एक संध्याकाळ पुरते.

मराठीत काय वाचायला मिळतं?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मराठी अनुवाद मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने केला आहे, पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सने तो काढला. एवढा पल्ला एकट्या अनुवादकाने गाठणं सोपं नाही.

अनुवाद हा टॉल्कीन-अभ्यासाचाच एक जिव्हाळ्याचा विषय आहे. पहिल्या डच आणि स्वीडिश अनुवादांवर ते इतके नाराज झाले की त्यांनी अनुवादकांसाठी नावांची मार्गदर्शिका लिहिली. तत्त्व असं: एल्फी नावं तशीच ठेवा, पण जी नावं इंग्रजीत अर्थ सांगतात ती आपल्या भाषेत अर्थ सांगू द्या.

मराठीच्या अंगाने मला दोन गोष्टींनी फार पछाडलं आहे. परिशिष्टात टॉल्कीन सांगतात की रोहनची भाषा हॉबिटांच्या भाषेला जुनी नातेवाईक वाटावी, म्हणून त्यांनी हॉबिटांना आजची इंग्रजी आणि रोहनला प्राचीन इंग्रजी दिली. मराठीत हे नातं कोणत्या दोन भाषांत दाखवाल? आजची बोली आणि लीळाचरित्राची मराठी? की थेट महाराष्ट्री प्राकृत?

दुसरी गोष्ट याहून गोड आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मध्यभूमीच्या सामाईक भाषेत सलगीचं आणि आदराचं अशी वेगळी सर्वनामं होती, पण हॉबिटांच्या शायरमध्ये आदराची रूपं बोलण्यातून जवळपास गेली होती. त्यामुळे पिपिन हा हॉबिट गोंडोर राज्याच्या राजधानीत, मिनास तिरिथला, पोहोचतो तेव्हा पहिले काही दिवस सगळ्यांना, थेट कारभारी डेनेथॉरलाही, सलगीच्या रूपात बोलतो. नोकरचाकर थक्क होतात, आणि हा कोणी मोठा राजपुत्र असावा अशी गावभर वदंता उठते. इंग्रजीत हे दाखवायला जागाच नाही, म्हणून बिचाऱ्या लेखकाला ते परिशिष्टात सांगावं लागलं. आपल्याकडे ‘तू’ आहे, ‘तुम्ही’ आहे, ‘आपण’ आहे. पिपिन डेनेथॉरला ‘अरे’ म्हणतोय आणि दरबार श्वास रोखून उभा आहे, हे मूळ भाषेला न जमलेलं दृश्य मराठीत एका शब्दात उभं राहू शकतं.

त्यांच्या लेखनात वंशवाद आहे का?

प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशकाने ‘हॉबिट’च्या अनुवादाआधी त्यांना आर्यवंशीय असल्याची खात्री मागितली. उत्तराचा एक मसुदा उरला आहे. त्यात ते विचारतात, आर्य म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? तो तर भारतीय-इराणी भाषांबाबतचा शब्द, आणि माझे पूर्वज हिंदुस्तानी किंवा फारसी बोलत नव्हते. ज्यूंसारख्या गुणी लोकांमध्ये आपले पूर्वज नाहीत याची खंत वाटते, असंही ते लिहितात. कादंबरीत फ्रोडोचा सोबती सॅम एका मेलेल्या दक्षिणी सैनिकाकडे पाहतो आणि याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता का, असा विचार करतो.

पण त्याच कादंबरीत सावळे, पूर्वेचे आणि दक्षिणेचे लोक बहुतांशी शत्रूच्या बाजूला आहेत, आणि १९५८ च्या एका पत्रात ऑर्कांचं रूप सांगताना त्यांनी मंगोल चेहऱ्यांचा अपमानकारक दाखला दिला आहे. दिमित्रा फिमी यांनी २००८ च्या पुस्तकात हे सगळं त्या काळच्या कल्पनांशी ताडून दाखवलं. २०२१ मध्ये टॉल्कीन सोसायटीने विविधतेवर चर्चासत्र ठेवलं तेव्हा काही चाहते भडकले. मला तो राग पटला नाही. ज्या लेखकावर प्रेम आहे त्याला असे प्रश्न आपणच विचारायचे, परक्यांवर का सोडायचे?

सिनेमा पाहून आलेल्यांना जुने चाहते कमी लेखतात का?

काही जण लेखतात, आणि ते चुकतात. पीटर जॅक्सन यांचे २००१ ते २००३ मधले तीन चित्रपट नसते तर आजचे कित्येक तरुण अभ्यासक या वाटेला आलेच नसते. १९६५ साली स्वस्त पेपरबॅकमुळे आलेल्यांनाही जुन्यांनी असंच पाहिलं असेल.

मूळ हस्तलिखितं कुठे आहेत?

‘हॉबिट’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात. तिथले ग्रंथपाल विल्यम रेडी यांनी १९५७ मध्ये ती १५०० पौंडांना मिळवली, तेव्हा दुसऱ्या कोणी मागितलीच नव्हती. बाकीचा मोठा साठा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात.

मी कुठल्याही विद्यापीठात नाही. मला यात काही करता येईल?

येईल. ‘मिथलोर’ आणि ‘मॅलॉर्न’ स्वतंत्र अभ्यासकांचे लेख घेतात. लेख पारखला जातो, पदवी नाही. ‘मिथलोर’चे बरेचसे जुने अंक आणि २०१४ पासूनचं ‘जर्नल ऑफ टॉल्कीन रिसर्च’ फुकट वाचता येतं. आधी ‘हॉबिट’, मग ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ परिशिष्टांसह, मग ‘सिल्मरिलियन’, मग पत्रं, मग शिपी. बारा खंडांना एवढ्यात हात लावू नका.

आणि लेख लिहायचा नसेल तरी मार्केट विद्यापीठाचा एक संग्रह आहे. चाहत्यांच्या आठवणी ते ध्वनिमुद्रित करून जपतात. लक्ष्य ६००० मुलाखतींचं, कारण थेओडेन गोंडोरच्या मदतीला निघाला तेव्हा त्याच्यामागे सहा हजार स्वार होते. प्रत्येकाला तीन मिनिटं आणि तीन प्रश्न: टॉल्कीन पहिल्यांदा कधी भेटले, तुम्ही चाहते का आहात, आणि त्यांनी तुम्हाला काय दिलं.